चौथं मडकं

तिसऱ्या मडक्यावरचं फडकं उचललं आणि येसूबाई दोन पावलं मागे सरल्या. काळ्या रंगासाठी गंजलेले घोड्याचे नाल गुळाच्या पाण्यात महिनाभर कुजत पडले होते. वर हिरवट साय धरली होती, सायीत माश्या मरून पडल्या होत्या, आणि वास असा की नाकातून थेट घशात उतरावा.

"शी! हे काय घरंदाज बायकांचं काम?" त्या ओरडल्या. "गजरा, आत्ताच्या आत्ता हे सगळं मोरीत ओत. चारही मडकी!"

"ओतते, आत्याबाई," सून म्हणाली. परसातल्या चुलीपुढून मात्र ती हलली नाही.

गजराबाईला हा नाद लागून चार वर्षं झाली होती. तिचा भाऊ बडोद्याच्या कलाभवनात कापड रंगवायला शिकला. माहेरी गेली असताना त्याने चार युक्त्या सांगितल्या, आणि तेव्हापासून रावपुऱ्यातल्या या घराचं परसू नासलं. एका मडक्यात एरंडेलात कालवलेल्या शेळीच्या लेंड्या. दुसऱ्यात आंबवलेली नीळ. तिला मेल्या उंदराचा वास. लेकाकडे, मानसिंगरावांकडे, गाऱ्हाणं नेलं तर ते हसून म्हणत, "असू दे, आई. तिचा शौक आहे." त्यांचं काय जातं? दिवसभर सरकारी पागेत, लिदीत नाक मेलेलं.

आणि एवढी घाण करून पदरात काय, तर कोरं कापड! गजरा तुरटीच्या पाण्यात डिंक घालून ठसे मारी. वाळवून धुतलं की कापडावर काही म्हणजे काही दिसत नसे. तेच मग चौथ्या मडक्यातल्या मंजिष्ठेच्या तांबड्या पाण्यात उकळलं की जिथे तुरटी लागली असेल तिथे फुलं उठत. येसूबाईंना तो भुताटकीचा प्रकार वाटे. ते रक्तासारखं पाणी बघूनच त्यांना शिसारी येई.

त्यांनी स्वतः बारा वर्षांत अंगाला रंग लावून घेतला नव्हता. यजमान प्रतापसिंहराव गेले त्या दिवसापासून पांढरं लुगडं, बस्स. आमटीचा शिंतोडा उडाला तरी त्या लुगडं बदलत. आळीतल्या बायका त्यांचं उदाहरण देत आणि ते त्यांना आवडे, खोटं कशाला बोला. सुनेचा एकच गुण त्या मान्य करत: सासूची लुगडी ती धोब्याकडे टाकत नसे, स्वतः धुई, स्वतः खळ करी. हल्ली ती जरा पिवळसर दिसत, पण गजरा म्हणे की हिरड्याच्या पाण्याने सूत टिकतं. टिकत होतं खरं.

आजवर त्यांनी हे सगळं नाक मुठीत धरून सोसलं. पण काल आळीतल्या इंदिराबाई बसायला आल्या आणि पाच मिनिटांत नाकाला पदर लावून, विड्याला हातसुद्धा न लावता उठल्या. बडोद्यात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत चार घरी गेली असणार. येसूबाईंचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

"ठसेही चुलीत घालणार आहे मी," असं म्हणत त्या चुलीजवळच्या पाटावर बसल्या आणि उकळत्या चौथ्या मडक्यावरून ओणवून पलीकडची ठशांची टोपली चाचपू लागल्या. पहिलाच ठसा हाती आला तो पोपटाचा.

येसूबाईंनी तो उजेडाकडे धरला.

डभोईहून आईने पाठवलेल्या त्यांच्या एका लुगड्यावर असेच लाल पोपट होते, चोचीला चोच लावलेले. यजमान गेल्यावर तेराव्या दिवशी ते जावेने मोलकरणीला देऊन टाकलं. पुढे दोन वर्षं ती तेच नेसून त्यांच्या डोळ्यांसमोर भांडी घाशी. एकदा तापात त्या हे गजराजवळ बोलून गेल्या होत्या. विधवेनं असलं काही मनात ठेवावं, याची त्यांना अजून किळस येई. स्वतःचीच.

"हा कशाला कोरलास?"

"सहज."

"सहज? कडा पार झिजल्यात. इतका वापरलास, मग पोपटाचं कापड कुठंय? मी तर एक चिंधी पाहिली नाही."

गजराने मडक्याकडे पाहिलं. मग सासूकडे पाहिलं. मग तिने चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं.

"अगं, जाळ काय घालतेस? ओतायचंय ना ते?"

"ओतते, आत्याबाई. उकळी येऊ दे तेवढी. बसा ना जरा."

"या घाणीत बसू?"

"आजच्या दिवस बसा. उद्या परसू सारवून देते. पुन्हा मडकं मांडणार नाही, शपथ."

इतक्या सहज ती कधी ऐकत नसे. येसूबाईंचा राग थोडा निवला. त्या बसून राहिल्या, ठसा हातात फिरवत आणि बोलत: घराण्याची अब्रू, इंदिराबाईंचं तोंड, पांढऱ्या लुगड्याला जपावं लागतं ते. गजरा मान खाली घालून "हो, आत्याबाई" म्हणत राहिली. तिचं लक्ष सगळं मडक्यात होतं. पाणी चांगलं खदखदत होतं.

बोलून दमल्यावर येसूबाईंनी ठसा चुलीत टाकला नाही. टोपलीत ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

पदर जड लागला. काहीतरी गरम, ओलं पावलावर टपटपलं. त्यांनी खाली पाहिलं. पदराचं टोक मडक्यातून वर आलं होतं.

"अगं बाई! बाटलं माझं लुगडं!" त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं, पिळायला म्हणून, आणि हात तसेच थांबले.

फिकट गुलाबी कापडावर पोपट होते. लालभडक, चोचीला चोच लावलेले, ओळीने. सगळ्यात वरच्या ओळीतले पोपट मानेपर्यंतच उमटले होते; तिथे पाण्याची रेघ संपत होती, आणि तिच्यावरचं लुगडं येसूबाईंच्या खांद्यावरून डोक्यापर्यंत कोरं दिसत होतं.