एका नंबरचे दोन फोन

"तुमच्या फोनचा नंबर आणखी एका फोनवर आहे," फोन-तपासणी केंद्राच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. "दोन्हींतला एक नकली. म्हणून सध्या दोन्ही बंद."

नकली फोनवरची बंदी सोमवारी लागू झाली आणि सोमवारी सकाळीच तिचा फोन मुका झाला होता. ती तपासणीसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. दोन दिवस कागदावर पत्ते लिहून घेऊन फिरत होती. काल एक आजोबा उपाशीपोटी अकरापर्यंत ताटकळले आणि दंड पुढे करायलाच तयार होईनात.

"सिमचा नंबर नाही म्हणत मी," बाईंनी समजावलं. "प्रत्येक फोनच्या पोटात पंधरा आकडे असतात. ते दोन फोनांवर सारखे आले, म्हणजे कुणीतरी उतरवून घेतलेत."

"मग त्याला पकडा. माझा खरा आहे."

"इथं आलेल्या प्रत्येकाचा खराच असतो, ताई. बिल आहे?"

बिल नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला नवऱ्यानं दिलेला फोन. भेट म्हणून आलेल्या वस्तूचं बिल मागायचं तरी कसं?

"कधी दुरुस्तीला टाकला होता? आकडे बहुतेक तिथंच उचलतात."

"माझ्या नवऱ्याचंच दुरुस्तीचं दुकान आहे. परक्याच्या हातात कधी गेलेलाच नाही."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि अर्ज पुढे सरकवला. "लिहा. दुसऱ्यालाही बोलावलंय. दोघांचे अर्ज एकमेकांना वाचायला देतो, नाव झाकून. हरकत असली तर सांगायची. ज्याचा नकली ठरेल त्याचा फोन जमा."

'फोन कोठून मिळाला' यासाठी चार ओळी होत्या. तिला त्या पुरल्या नाहीत. समासात वळून तिनं लिहिलं : 'माझ्या नवऱ्याला पूर्वी एका माणसाने विनाकारण खोटं ठरवलं. तेव्हाही मी नवऱ्याच्या बाजूने उभी राहिले, आजही आहे.'

तो माणूस म्हणजे तिचे वडील. दोन वर्षांपूर्वी जेवता जेवता ते हळूच म्हणाले होते, "जावईबापूंच्या दुकानात सगळं सरळ चालत नाही, बघ तू जरा." तिनं ताट तसंच ठेवलं आणि पर्स उचलली. दारापर्यंत येऊन ते एवढंच म्हणाले, "चप्पल तरी नीट घाल." त्यानंतर ती त्या घरी गेली नव्हती. कितीदा त्यांचा नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत तोडला, याचा हिशोब तिनं ठेवला नव्हता. राग कधीच विरला होता. परत जायला निमित्त तेवढं सापडत नव्हतं.

आता ते सापडलं होतं.

"अर्ज कशाला करत बसलीस?" नवरा रात्री म्हणाला. "मी दुसरा दिला असता. दुकान भरलंय फोनांनी."

"दुसरा नको. हाच खरा आहे हे कागदावर पाहिजे मला."

"कुणाला दाखवायचाय कागद?"

तिनं अर्जाची पोच घडी करून पर्समध्ये ठेवली.

"बाबांना?"

"हो. फोन चालू झाला की पहिला त्यांनाच करणार आहे."

तो चहा अर्धा टाकून उठला. बाबांचं नाव निघालं की त्याचं असंच व्हायचं. तिला त्याची कीव आली.

आठव्या दिवशी केंद्रातून निरोप आला.

"झालं तुमचं काम," बाई म्हणाल्या. "समोरच्यानं लिहून दिलं, नकली माझाच. तुमचा चालू केलाय, बघा."

पडद्यावरच्या चारही रेघा भरल्या होत्या. तिला एकदम हलकं वाटलं.

"त्यांच्या फोनचं काय करता?"

"चुरा. आणि वर्षभर त्यांच्या नावावर दुसरा फोन घेता येत नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि लगेच तिला ते बोलल्याचं वाईट वाटलं.

खिडकीपासून दोन पावलं बाजूला जाऊन तिनं बाबांना फोन लावला. वाक्य तयार होतं : बाबा, तपासणी झाली, खरा निघाला. मग तिनं ते मनातच खोडलं. आधी विचारायचं, रविवारी जेवायला येऊ का? बाकीचं जेवताना.

फोन बंद असल्याचं यंत्रातल्या आवाजानं सांगितलं. दुपारची वेळ, पडले असतील. संध्याकाळी लावू.

"एक सही राहिली तुमची," बाईंनी हाक मारली. कागद शोधता शोधता त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मला मात्र हे प्रकरण कळलं नाही. सज्जन गृहस्थ होते. बिल, खोकं, सगळं पिशवीत नीट लावून आणलेलं. बिलावर तेच पंधरा आकडे, दुकानाचा शिक्का. म्हटलं, यांचाच खरा. तुमचा अर्ज वाचायला दिला, तर तो घेऊन त्या बाकावर तासभर बसून राहिले."

"मग?"

"मग बिल पिशवीत घातलं. कुठल्याशा दुरुस्तीच्या दुकानाची, काच बदलल्याची एक पावती होती, ती फाडून टोपलीत टाकली. म्हणाले, नकली कबूल करायचा फॉर्म द्या. मी म्हटलं, आजोबा, बिल आहे ना तुमच्याकडे? तर म्हणाले, कसलं बिल?"

बाईंनी कागद काचेखालून सरकवला. "त्यांच्या सहीखाली करा."

नावावर नियमाप्रमाणे पट्टी चिकटवलेली होती. 'फोन कोठून मिळाला' या चार ओळींपैकी एकच वापरली होती : 'रस्त्यावर, एका अनोळखी माणसाकडून.' अक्षर सुटं, टपोरं. आणि त्याखाली, जराही न थरथरता केलेली, पहिलीपासून दहावीपर्यंत तिच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर असलेली सही.