घंटीतली लोकर

केवळाबाईनं कुंपणाची खालची तार काठीनं वर उचलून धरली आणि एकेक करत चाळीस मेंढरं आत घेतली. त्याआधी तिनं पाचही घंट्यांत लोकर कोंबली होती. घंटी वाजली की राखणदार येतो आणि मेंढरं कोंडवाड्यात जातात.

या माळावर तिच्या सासऱ्याची मेंढरं चरली. आता याला सफारी म्हणतात. जिंतूरकडून गाड्या येतात. लोक मनोऱ्यावर चढतात आणि लांडगा बघतात.

मेंढरं गवतावर तुटून पडली. चार दिवसांत त्यांच्या पोटात नुसता बोरीच्या झाडाचा वाळका पाला गेला होता. मागं राहिलेली गाभण मेंढी लांडग्यानं कधी धरली ते केवळाबाईला कळलंच नाही. मेंढीनं मान झटकली असणार, पण घंटी मुकी होती. केवळाबाईनं वळून पाहिलं तेव्हा गवतावर रक्त होतं आणि फरफटत नेल्याची वाट.

मनोऱ्यावर दहा-बारा माणसं मोबाइल धरून उभी होती. केवळाबाई मनोऱ्याखाली जाऊन थांबली.

"तुमाला दिसला व्हता का त्यो?"

"हो ना," वरून एक बाई म्हणाली. "मघापासून दबा धरून बसला होता."

"मंग वरडायचं की वो."

"आवाज करायचा नाही असं सांगितलंय आम्हाला."

राखणदार अमृत दणादणा जिना उतरून आला. तिच्याच गावचा, तिच्या मामेबहिणीचा लेक. लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कुंपणात मेलेल्या जित्राबाची भरपाई न्हाई. उलट तुलाच दंड बसंल." मग तिला बाजूला घेतलं.

"मावशे, पंधरा दिस झाले, लांडगा दिसला नव्हता. लोकं शिव्या द्यायलेत. मालक मला काढायलाय. उद्या चारला फाटक उघडं ठिवतो. आन मेंढरं. पोटभर चरू दे."

"आन् रोज एक द्यायची?"

"रोज कुठं धरतोय त्यो."

केवळाबाईनं कळपाकडं पाहिलं. त्यांच्यातली एक आत्ता गेली होती, तरी एकीनंही गवतातून तोंड वर काढलं नव्हतं.

"एकोणचाळीस हायत," ती म्हणाली. "भाईर उपाशी ठिवली तर पंधरवड्यात समदीच जातेत."

अमृतनं मेंढरांच्या गळ्यांकडं बोट केलं. मग म्हणाला, "त्या घंट्या तेवढ्या मोकळ्या कर. त्यो आवाजावर येतोय."

दुसऱ्या दिवशी चारला फाटक सताड उघडं होतं. मेंढरं धावतच आत शिरली. कळपातली एक लंगडी मेंढी सगळ्यात मागं होती. केवळाबाईनं सगळ्यात मोठी घंटी तिच्या गळ्यात बांधली होती. बांधून झाल्यावर तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला होता.

घंटीचा आवाज मनोऱ्यापर्यंत गेला. वर लोक हसत-बोलत होते. अमृतनं तोंडावर बोट ठेवलं.