मामाची शिकवणी

नीटच्या परीक्षेला एकवीस दिवस उरले होते, आणि रानातलं, घरातलं आवरून भाग्यलक्ष्मीच्या वाट्याला अभ्यासाचे रोज दोनच तास येत होते. तिच्या आईच्या आईनं, बाणूबाईनं, निकाल मात्र आधीच लावून ठेवला होता: "सीट लागली तर डॉक्टरीण व्हय. न्हाई लागली तर आषाढाच्या आत मामाशी लगीन. पोरगी घरच्या घरात."

शिकवू शकेल असा माणूस घरात एकच होता, बीदरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारा हाच योगीराज मामा. तो रोज दुपारच्या बसनं ठाणाकुशनूरला तिच्या घरी यायचा आणि पुस्तकातले धडेच्या धडे खोडत सुटायचा. "हे सोड. हे बी सोड. येळ कमी हाय, बायोलॉजी धर."

अर्धं फिजिक्स असं खोडून झाल्यावर भाग्यलक्ष्मीनं पेन खाली ठेवलं. "मामा, खरं सांग. तू मला पास करायलास का पाडायलास?"

मामानं स्वयंपाकघराकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.



"पास हो बाई. बीदरात मी रजिस्टर लगीन करून साल झालंय, अन् तुझ्या आजीला सांगायची माझ्यात हिंमत न्हाई."