क्रोशाचा रुमाल

सुनेचा लॅपटॉप दोनदा तापून बंद पडला होता. आताही घरघरत होता. तासाभरात तिची नोकरीची मुलाखत त्यावरच व्हायची होती.

हा हवा घेतो तरी कुठून, म्हणून शरयूताईंनी जळती उदबत्ती त्याच्याजवळ धरली. धूर सरळ वर गेला. लॅपटॉप उचलला, तसा धूर झरकन त्याच्या तळाकडे ओढला गेला.

"अगं मैथिली, हा पोटातून श्वास घेतो! खाली घातलेला माझा रुमालच त्याचं नाक दाबतोय. तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं, आई. पण तुम्ही हौसेने विणलात. मुलाखतीपुरता हळूच काढणार होते."

शरयूताईंना सासूबाईंनी कशिदा भरलेलं रेडिओचं आच्छादन आठवलं. त्याखाली गाणी घुसमटायची. पण ते काढायचं धाडस त्यांना कधीच झालं नव्हतं.

त्यांनी रुमाल काढला आणि पापड भाजायची जाळी लॅपटॉपखाली सरकवली.

"आता बोल मोकळेपणी."