चरकाजवळची कुऱ्हाड

गुलामगिरी ठेवावी की मोडावी, याची चौकशी करायला आलेले साहेब उसाच्या चरकाजवळ थबकले. ऊस घालणाऱ्या बाईच्या डोक्यावर लखलखीत कुऱ्हाड टांगली होती. “ही कशाला?” “सरपण फोडायला,” मालक म्हणाले. “आणि बैल हाकणाऱ्याचा हात?” “हिचा नवरा तो. जन्माचा थोटा. घरच्यासारखा सांभाळतो आम्ही.” बाई ऊस घालत राहिली. कुऱ्हाडीला रोज धार तीच लावायची. चरकाच्या लाटांत, त्या फिरत्या रुळांत, सापडलेला हात एका घावात तोडला, तरच माणूस वाचायचा. “चरक तर गाईसारखा गरीब,” म्हणत मालकांनी स्वतःच कांडं आत सरकवलं. लाटांनी रेशमी बाही ओढली, मग बोटं. “कुऱ्हाड घे,” मालक किंचाळले, “तोड लवकर.” नवऱ्याने बैल थांबवले नाहीत. बाईने कुऱ्हाड खाली काढली, पण उगारली नाही. “साहेब,” ती शांतपणे म्हणाली, “आता परत विचारा त्यांना, ही कशाला ठेवलीय.”