डाग्नीचं अस्वल

कुनाक बर्फातल्या भोकावर वाकून उभा होता, हातात भाला. सील श्वास घ्यायला वर येईल तेव्हा येईल. तोवर पापणीसुद्धा हलवायची नाही. बंदूक त्याच्या पायाशी बर्फावर आडवी पडली होती. कुत्री आणि त्यांची घसरगाडी त्यानं लांब उंचवट्याआड सोडली होती. हाकेच्या अंतरावर डाग्नी तिच्या कॅमेऱ्यामागे उभी होती.

"अख्खा हिवाळा त्या कॅमेऱ्याचं हँडल फिरवतेयस," निघताना तो तिला म्हणाला होता, "आणि अजून एक कप कॉफी काही दळून झाली नाही तुझी."

कॅमेऱ्यात शेवटचं रीळ होतं. बाकीची सगळी रिळं डाग्नीनं आमच्यावर उधळली होती: कातडी चावून मऊ करणाऱ्या बायका, ढोल, भांडणारी कुत्री. अस्वल तेवढं राहिलं होतं. बर्फ फुटला की तिला न्यायला जहाज येणार होतं, आणि अस्वल नसलेला सिनेमा तिकडे तिच्या डेन्मार्कात कोणी ढुंकूनही बघणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. एकटी बाई इतक्या वर उत्तरेला आली ती काय शिवणकाम बघायला, असं तिला हसले असते.

कुनाकचे खांदे किंचित खाली गेले. सील आला होता. डाग्नीनं हँडल फिरवायला घेतलं. भिंगातून त्याच्या पाठीमागे बर्फाचा एक ढीग दिसत होता, जरासा पिवळट. मग त्या ढिगानं मान उचलली.

हात फिरतच राहिला. खोटं कशाला बोला, कोणाचाही राहिला असता. पुढे वाकलेला माणूस, मागे पोटावर सरपटत येणारं अस्वल, आणि दोघांवर तिरकं ऊन. हिवाळाभर तिनं देवाकडे जे मागितलं ते देवानं ताटात वाढून दिलं होतं. वारा कुनाकच्या तोंडावर येत होता आणि त्याचे कान भोकात गुंतले होते. मागचं त्याला काहीच कळलं नव्हतं.

"कुनाक! मागे! मागे बघ!"

ओरडत, हात हलवत ती सरळ अस्वलाच्या दिशेनं धावत सुटली. पाय स्टँडमध्ये अडकला, कॅमेरा आडवा झाला, त्याचं झाकण उघडलं. तिनं मागे वळून पाहिलंही नाही. कोणावर जावं या पेचात अस्वल क्षणभर थांबलं आणि कुनाकला तेवढं पुरलं. त्यानं बंदूक उचलून दोन गोळ्या घातल्या.

अस्वल पडलं. नंतर डाग्नी कॅमेऱ्याकडे गेली. फिल्म बाहेर येऊन बर्फावर वेटोळी पडली होती, भर उन्हात. ऊन लागलेली फिल्म मेली म्हणायची. तरी तिनं ती नीट गुंडाळली आणि मग रडली. कुनाकनं तिला पोटभर रडू दिलं. मग सुरी पुढे केली.

"घे. पहिला काप तुझा."

"माझा कसा? मारलंस तू."

"मारतं कोणीही. आधी पाहिलं कोणी?"

"मी."

"मग झालं तर. कातडं तुझं, मान तुझा. मांसही तूच वाटायचंस."

आमच्याकडे हे असंच आहे. अस्वल आधी ज्याच्या नजरेला पडलं त्याचं, मग ती आंधळी होत आलेली म्हातारी असो की आईच्या पाठीवरचं पोर.

"चेष्टा करतोस माझी?"

"तुझी रोजच करतो," कुनाक म्हणाला. "अस्वलाची नाही करत."

तिनं सुरी घेतली.

वस्तीवर गाडी पोचली तेव्हा सगळे किनाऱ्यावर उतरले होते. सर्वांत पुढे इवालू, कुनाकची आई. कुनाकनं झालेलं सगळं दोन वाक्यांत सांगितलं. म्हातारीनं पोराला डोक्यापासून पायापर्यंत नजरेनं चाचपलं, मग त्याला बाजूला सारून ती डाग्नीपुढे उभी राहिली.

"काही मिळालं का गं पोरी?"

डाग्नीचा ऊर भरून आला होता. रीळ गेल्याचं दुःख होतंच, पण अभिमान त्याहून मोठा होता आणि तो तिच्या तोंडावर अगदी उघडा दिसत होता. आता आमच्यात मोठी शिकार आणणारा मान खाली घालतो. फुशारकी मारली की पुढच्या वेळी जनावर तोंड दाखवत नाही. पाहुण्यांना हे कधी जमत नाही. ससा मारला तरी त्यांचं पुराण आठवडाभर चालतं. आम्ही सगळे हिच्या तोंडाकडे बघत होतो.

डाग्नीनं खाली बुटांकडे पाहिलं.

"लहानसंच आहे," ती आमच्या बोलीत म्हणाली. "नुसती हाडं. तुम्हाला आवडायचं नाही."

 मग असा हशा उसळला की कुत्री भुंकायला लागली. कुनाक हसता हसता गाडीवरच बसला. इतका अभिमान आम्हाला आमच्या स्वतःच्या पोरांचाही क्वचितच वाटला असेल.

"आणि तुझ्या त्या पेटीत आलं का ते?" इवालूनं विचारलं.

"नाही. पेटीत काहीच राहिलं नाही."

म्हातारीनं मान डोलावली. डाग्नीची बाही घट्ट धरून तिला वळवलं, सगळ्यांच्या समोर उभं केलं.

"ऐका रे," ती ओरडली. "अस्वल हिनं आणलंय. माझा पोरगा काय, नुसता सोबतीला गेला होता."