कोरी कुंची

"राणीच्या राज्यातलं एवढं मोठं शहर, शंभर खोल्यांची चाळ, आणि वर्षात जन्म दोनच?" मुंबईच्या जन्मनोंदीचा कारकून कुरकुरला.

"बायका बाळंतपणाला कोकणात माहेरी जातात, रावसाहेब! वही तुमची रिकामीच राहायची," गिरणीकामगार हसला. त्याची पोटुशी बायको बोटीसाठी गाठोडं बांधत होती.

कारकुनाचा हात खिशातल्या कोऱ्या कुंचीवर गेला. "पहिलं बाळ तुमच्याजवळ होऊ दे," त्याच्या बायकोने विनवलं होतं. रीत म्हणून त्याने तिला बोटीत बसवलं. लेक नऊ दिवस जगली. ती झाल्याचं पत्र अकराव्या दिवशी पोचलं.

"हिला पाठवू नकोस," तो म्हणाला.

"तुमच्या वहीत एक जन्म वाढावा म्हणून?"

"नाही रे. लेकराचं तोंड तुला दिसावं म्हणून."

गाठोड्याची गाठ मारणारे हात थांबले.